फोटोवाल्यांची स्पॅनिश

८ फेब्रुवारी, शनिवार

नवा विद्यार्थी. वय सत्तरीच्या पुढे! जिना चढून आले ते दारातच धापा टाकत उभे, आणि पहिलं वाक्य — "स्पॅनिश किती दिवसांत येतं, बाई?" मी म्हटलं, यायला ती काय पाहुणी आहे? सकाळपासून इंग्रजी शिकायला येणाऱ्या बँकवाल्याच्या अर्जाशी झटापट चालली होती, डोकं आधीच फिरलेलं. त्याची पहिली तीन वाक्यं मी उडवली तर तोंड पाडून बसला. नुसती 'आपल्या कृपेने' आणि 'नम्रपणे'! कोण वाचतं ते? मी सपक वाक्य ठेवत नाही. कुणाचंच नाही.

तर हे म्हातारे. कोपऱ्यावरच्या स्टुडिओचे फोटोवाले. माझे नि ताईचे पासपोर्टचे फोटो यांनीच काढलेले — "हनुवटी खाली, डोळे इकडे." आता स्टुडिओ नावाला उघडतात. लेक लांबच्या देशात होती. तिकडेच लग्न केलं, गेल्या वर्षी आजारात गेली. यांच्या हातात व्हिसा पडेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. मागे जावई आणि सात वर्षांची पोरगी. पोरीला फक्त स्पॅनिश येते. यांनी तिला फोटोतच पाहिलंय.

जावई म्हणालाय, दर रविवारी फोनवर बोला. मोठ्या सुटीत तिला यायचं असलं तर महिनाभर आणून सोडतो. नको म्हणाली तर जबरदस्ती करणार नाही. तिकिटं मेमध्ये काढायची.

"ओळख ना देख, अशा म्हाताऱ्याकडे कुठलं पोर येईल, बाई?" म्हणाले. पाहुणी म्हटल्याचं फार वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जीभ जड आहे. पण चिकाटी दांडगी. एकच वाक्य घोटत बसतात आणि शेवटी पहिल्यासारखंच चुकतात. चुकले की स्वतःवरच खेकसतात, माझ्यावर नाही. बँकवाल्याने हे शिकावं.

माझी पद्धत नेहमीचीच — समोरचं माणूस मी व्हायचं. बँकवाल्यासाठी मी त्याचा साहेब होते. वाङ्मयवालीची तोंडी परीक्षा घेताना खडूस परीक्षक होते. (त्यात अभिनय करावा लागत नाही, असं ताईचं मत.) यांच्यासाठी नात व्हावं लागलं. आवाज बारीक केला. बाहेरच्या खोलीत ताईचं शिवणयंत्र थांबलं. मशीन थांबलं की समजावं, बाईसाहेब ऐकतायत. जेवताना म्हणाली, "चौपन्न वर्षांची नात. शोभतेस हो."

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज त्यांनी मला ताईच्या बुटक्या स्टुलावर बसवलं. "ती एवढीच असेल." बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली.

अडखळत विचारलं त्यांनी — रात्री झोप लागते का? धड्यात उत्तर होतं, हो आजोबा. माझ्या तोंडून भलतंच गेलं — नाही, भीती वाटते. 'भीती' हा शब्द मागच्या आठवड्यात झाला होता. त्यांना कळला. उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. या पांढऱ्या केसांवर! मग दोघंही ओशाळलो. मी चष्मा पुसला आणि आठवड्याचे वार घ्यायला लागले.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. या घरात डोक्यावर हात ठेवणारं मोठं माणूस उरलेलं नाही. ताई ठेवत नाही, ती टपली मारते.

२ मार्च, रविवार

पहिला फोन. वेळ ठरवायला जावयाशी मीच माझ्या फोनवरून बोलले होते. माणूस शांत आहे. थकलेला वाटला.

फोटोवाले ठेवणीतला कोट घालून आले. त्यांचा फोन जेवणाच्या टेबलावर शब्दकोशाला टेकवला. मी फोनच्या मागे पाटी घेऊन उभी — अडलं तर शब्द दाखवायला. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस, समोर बसायची वेळ आली तर दगड! हनुवटी वर, डोळे छताला.

आणि ती आली. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, तोंडात घास. फोटोवाले पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून मोकळे झाले. माझं नाव अमुक, मी तुझ्या आईचा बाप, तुला पाहून आनंद झाला. मग पाटीकडे बघत राहिले. पोरगी म्हणाली, तू कुणाकडे बघतोस? तिथे कोण आहे?

मला पुढे यावंच लागलं. यावंच लागलं — बरं. म्हटलं, मी आजोबांची शिक्षिका. ते चुकले की शिक्षा करतेस का, तिने विचारलं. करते, म्हटलं, कोपऱ्यात उभं करते, भिंतीकडे तोंड करून. ती खदखदून हसली! मागून जावई डोकावला, हातात इस्त्रीचा शर्ट तसाच. तिचं हसणं त्याने बऱ्याच दिवसांत ऐकलं नसावं. फोटोवालेही हसले, काही न कळता.

जाताना म्हणाले, "छान झालं, बाई. हसली."

९ मार्च, रविवार

फोन लागतो न लागतो तोच — सेन्योरा कुठे? सेन्योरा म्हणजे बाई, म्हणजे मी. पाटी ठेवली, शेजारी खुर्ची घेऊन बसले. ठरलं असं, की यांनी आपल्या भाषेत बोलायचं आणि मी तिला सांगायचं.

आता हे काय बोलतात? विचारा, जेवली का. विचारा, शाळेत जाते का नीट. विचारा, थंडी आहे का, सर्दी-खोकला नाही ना. पुन्हा विचारा, जेवली का! पोर कंटाळेल नाहीतर काय होईल? मी जेवणाच्या जागी विचारलं, तुमच्या वर्गात सगळ्यात आगाऊ कोण? थंडीच्या जागी, तुझ्या मांजराला मी आवडेन का? ती सुटलीच. वर्गातल्या आगाऊ मुलाने बाईंच्या खुर्चीवर काय काय ठेवलं इथपर्यंत सगळं. हे बाजूला मान हलवत होते. मी मधून मधून सारांश सांगत होते.

फोन बंद झाल्यावर विचारलं, "जेवली होती का?"

हो, म्हटलं. मी विचारलंच नव्हतं.

१६ मार्च, रविवार

आजही रंगलं. तिने मांजर फोनपाशी आणलं. मांजराने कॅमेरा चाटला.

नंतर फोटोवाले बसून राहिले, चहा गार होईपर्यंत. म्हणाले, "लेकीलाही मी हेच विचारायचो. जेवलीस का, थंडी आहे का. चिडायची ती. बाबा, दुसरं काही सुचत नाही का तुम्हाला, म्हणायची. शेवटी शेवटी तिला बोलवेना. जावई तिच्या कानाशी फोन धरायचा आणि मी विचारत बसायचो — जेवलीस का. तो हो म्हणायचा तिच्या वतीने."

मी म्हटलं, अहो, चालायचंच. दुसरं काय म्हणणार? पण पुढच्या रविवारी काय विचारायचं ते माझ्या डोक्यात तेव्हाच घोळत होतं. जेवणाचं त्यात नव्हतं.

२३ मार्च, रविवार

पोरगी येणार! स्वतःहून म्हणाली. कुणी विचारलंही नव्हतं. सेन्योरा असेल तर मी येते, सेन्योराच्या घरी राहते. जावई मागून म्हणाला, बघू बघू. पण चेहरा उजळलेला.

मी फोटोवाल्यांना सांगितलं, येते म्हणतेय. "आणखी काय म्हणाली?" काही नाही, म्हटलं, लहान मुलांचं काहीतरी.

ते गेल्यावर गुणगुणत कप विसळत होते. मशीन थांबलं. ताई दारात.

"कुठल्या खोलीत ठेवणार आहेस?"

"कुणाला?"

"त्यांच्या नातीला. भिंतीआडून ऐकून ऐकून मलाही कळायला लागलंय हो. ती त्यांची आहे. तुझी नाही."

मी म्हटलं, मी नसते तर पोरगी क्षणभर थांबली नसती फोनवर.

"तेच म्हणतेय मी. तू आहेस म्हणून त्यांच्यासाठी थांबत नाही."

मग तोल गेला माझा. तुला काय कळतं, आयुष्य काज-बटणांत गेलं तुझं, वगैरे वगैरे. भांडणात जे बोलू नये ते आधी तोंडात येतं. ताईने ऐकून घेतलं. दिवा मालवून आत गेली.

२४ मार्च, सोमवार

ताई बोलत नाही. मीही नाही. जेवण झाकून ठेवलेलं होतं.

३० मार्च, रविवार

फोनच्या आधी फोटोवाले म्हणाले, "बाई, आज मी म्हणतो तेच सांगा. सुधारू नका."

सुधारते म्हणजे काय, मी विचारलं.

"थोडं थोडं कळतं मला आता. तुम्हीच शिकवलंत. मागच्या रविवारी ती म्हणाली, बाईंच्या घरी राहीन."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. रागावले असते तर सोसलं असतं. ते अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले.

तर आज शब्दाला शब्द. जेवलीस का — हो. शाळेत गेली होतीस का — आज रविवार आहे. थंडी आहे का — नाही. पोरगी खुर्चीत वाकडीतिकडी होत होती, वेणी चावत होती. मधेच मला म्हणाली, आबुएलोला सांग ना, पुरे, आता तू बोल. आबुएलो म्हणजे आजोबा. हा शब्द त्यांनी सगळ्यात आधी शिकलेला. मला सांगावं लागलं नाही. त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि मला जागा करून दिली.

आणि मी बसले. सरकून पुढे बसले, बोलले, हसवलं तिला. नको म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. मला ती आवडते, रविवारची मी वाट बघते, आणि ते मागे कोटाची बटणं चाचपत बसले होते ते मला दिसत होतं.

१ एप्रिल, मंगळवार

शिकवणी बंद. दारातूनच सांगितलं, आत आले नाहीत. "आता माझं मी बोलतो, बाई. स्टुडिओतूनच." मी म्हटलं, तुमची स्पॅनिश पुरणार नाही, अजून भूतकाळ अर्धा राहिलाय. "नसेल पुरत," म्हणाले, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले.

शिकवणी सोडणारे काय कमी पाहिलेत? परीक्षा झाली की रस्त्यात ओळख देत नाहीत. मग हेच का एवढं झोंबावं?

१३ एप्रिल, रविवार

रविवारची संध्याकाळ लोक कशी घालवतात? बँकवाल्याचा अर्ज पुन्हा तपासला. अर्ज आठवड्यापूर्वीच मंजूर झालाय.

२४ एप्रिल, गुरुवार

जावयाचा फोन, माझ्या नंबरवर. मुलगी फोनपाशी थांबत नाही. आजोबांनी दोन वाक्यं म्हटली की पळते. गेल्या रविवारी पलंगाखाली जाऊन बसली. सेन्योरा का येत नाही, एवढंच विचारते. आई दिसेनाशी झाली तेव्हाही अशीच विचारायची, म्हणाला. तुम्ही परत बसता का फोनवर? नाहीतर यंदाचं राहू दे, मी तिकिटं काढत नाही. पुढच्या वर्षीचं मात्र सांगता येत नाही, आम्ही घर बदलतोय.

पायात चप्पल सरकवली आणि थेट स्टुडिओ. फोटोवाले आतल्या खोलीत. मागे तो जुना निळा पडदा, समोर कॅमेऱ्याच्या स्टँडवर फोन बसवलेला, दोन्ही बाजूंचे मोठे दिवे चालू. एकटेच वाक्य घोकत होते. आज गुरुवार! मांजर कसं आहे, हे वाक्य. माझं होतं ते.

सगळं सांगितलं. म्हटलं, मी तोंड उघडणार नाही, नुसती शेजारी बसते.

"तुम्ही बसलात तर ती तुमच्याकडे येईल."

"अहो, पण येईल तर खरी!"

त्यांनी स्टँडवरचा फोन उगाच सरळ केला. दिव्यांच्या उष्म्याने मला घाम फुटला होता. मग म्हणाले, "नको, बाई."

आणि मी बोलले. "लेकीच्या वेळी पोहोचला नाहीत. आता नातीलाही घालवा."

ते उठले, एक दिवा मालवला, मग दुसरा. मी पडद्याच्या कडेला धरून चाचपडत बाहेर आले.

ताईशी बोलणं सुरू झालंय, तिला सांगितलं. "असं बोललीस? त्यांना?" एवढंच म्हणाली. दोरा ओवत होती. तो सुईत जाईना तिच्या.

३ मे, शनिवार

वाङ्मयवालीचा निबंध तपासला. हिच्या निबंधात कुणीही मेलं की ते कशाचं तरी प्रतीक असतं. समासात लिहिलं, माणूस मेला म्हणजे मेला, त्याच्या घरच्यांना विचार. मग खोडलं. वडिलांना नेऊन दाखवेल.

माफी मागायला स्टुडिओपर्यंत गेले. दार उघडं होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, तेच मांजराचं वाक्य. अजून चुकत होते. दारातून परत फिरले. मला आत जाऊन ते वाक्य सुधारावंसं वाटत होतं, म्हणून.

११ मे, रविवार

त्यांच्या फोनची वेळ. म्हटलं, आपणच जावयाला फोन लावावा. पोरीशी दोन शब्द बोलावं, आजोबांशी नीट बोल म्हणून समजवावं. त्यांच्या भल्यासाठीच! स्वतःची अशी छान समजूत घालून फोन हातात घेतला. ताईने तो काढून घेतला, बटणांच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"आज नाही."

मी ढसाढसा रडले. काय रडायचं वय आहे का हे? ताई मशीन चालवत राहिली. थोड्या वेळाने न थांबताच म्हणाली, "तुला ती हवीशी वाटली. वाटेल ना. मलाही वाटायची, भिंतीआडून." आणि पाय मारतच राहिली.

तिकिटं निघाली नसणार. मेचा मध्य आला.

१९ मे, सोमवार

जावयाचा फोन. मी हॅलो म्हणायच्या आत तोच बोलायला लागला. तुम्ही कोण बोलताय ठाऊक नाही, पण सेन्योरांच्या घरच्यांचं भेटून सांत्वन करता आलं असतं तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं. काल मुलीने पुन्हा त्यांच्याबद्दल विचारलं, तेव्हा आजोबांनी सांगितलं — सेन्योरा वारली. मुलगी पळाली नाही. फोनपाशीच बसली, दोघं मिळून खूप रडले. आज सकाळी उठल्या उठल्या म्हणाली, आता आबुएलोंना तिथे कुणी नाही, मी जाते. तिकिटं काढली.

आपण कोण, त्याने विचारलं. थोरली बहीण, म्हटलं. आवाज जाड केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम मोडकीतोडकी स्पॅनिश बोलले — त्रास नाही झाला तिला, झोपेत गेली, तुम्ही मुलगी पाठवा. तो बिचारा माझ्यासाठी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला.

कोण होतं गं, ताईने विचारलं. म्हटलं, पोरगी येतेय. सुटीभर बाहेरची कामं तुलाच करावी लागतील.